एकच ड्रायव्हर, पूर्ण गळा: घरी फुल-रेंज स्पीकर बांधताना आणि पारखताना

इंदुरात रामबाग, लोकमान्य नगर अशा भागांतल्या जुन्या मराठी घरांत माळ्यावर अजूनही एखादा व्हॉल्व्हचा रेडिओ निघतो. मागचा छिद्रांचा पुठ्ठा काढला की आत एकच स्पीकर दिसतो, कागदी कोनाचा, बऱ्याचदा लंबगोल. आकाशवाणीच्या मालवा हाऊसवरून लागणाऱ्या बातम्या, नाट्यगीतं, उस्ताद अमीर खाँचा विलंबित ख्याल, सगळं त्या एकाच कोनातून यायचं. आजच्या उंच टॉवर स्पीकरमध्ये तीन-चार ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारे कोन, असतात. ते त्या रेडिओपेक्षा कितीतरी खाली आणि कितीतरी वर पोचतात, यात वाद नाही. पण गाणाऱ्याचा गळा एका जागेवरून, एकसंध येणं ही त्या एका कोनाची कमाई होती, आणि तिच्यासाठी हौशी लोक आजही एका ड्रायव्हरचे, म्हणजे फुल-रेंज, स्पीकर घरी बांधतात.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. हा स्पीकर कंठसंगीतासाठी आहे. त्यात काय मिळतं आणि काय सोडावं लागतं हे आकड्यांत समजून घेतलं, तर तो बांधणंही सोपं जातं आणि बांधल्यावर त्याची पारखही नीट होते.

आधी एकच ड्रायव्हर का, ते पाहू. चुंबकाच्या फटीत तारेचं वेटोळं, त्याला चिकटलेला कोन, आणि वेटोळ्यातून गाण्याचा विद्युतप्रवाह, ही रचना 1925 मध्ये अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीतल्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी मांडली. मूळ तत्त्व आजही तेच आहे. खालचे सूर वाजवायला खूप हवा हलवावी लागते, म्हणून कोन मोठा हवा. वरचे सूर सेकंदाला हजारो वेळा थरथरतात, म्हणून कोन हलका आणि लहान हवा. दोन्ही मागण्या एकमेकींविरुद्ध आहेत. त्यामुळे बहुतेक स्पीकरमध्ये काम वाटून दिलेलं असतं: खाली वूफर, वर ट्वीटर, आणि मध्ये आवाजाची वाटणी करणारं क्रॉसओव्हर सर्किट.

ही वाटणी साधारणपणे 2000 ते 3000 हर्ट्झच्या आसपास होते. आपला कान सर्वांत तिखट असतो तो 2000 ते 5000 हर्ट्झच्या पट्ट्यात. शब्दांतली व्यंजनं, तानेतल्या स्वरांच्या कडा, तंबोऱ्याची जवारी, यातलं बरंच काही तिथेच असतं. म्हणजे कान जिथे सर्वांत जागरूक, नेमका तिथेच आवाज एका ड्रायव्हरकडून दुसऱ्याकडे जातो, आणि ते दोघं एकमेकांपासून काही सेंटीमीटर लांब बसलेले असतात. चांगला कारागीर हा सांधा कळणार नाही इतका सफाईदार करतो, पण घरी पहिल्यांदाच स्पीकर बांधणाऱ्याला ते फार अवघड जातं. फुल-रेंजमध्ये सांधाच नसतो.

आता सोडावं लागतं ते. घरगुती फुल-रेंज ड्रायव्हर बहुधा 3 ते 8 इंचांचा असतो. 4 इंची ड्रायव्हरच्या कोनाचं कामाचं क्षेत्रफळ सुमारे 50 चौरस सेंटीमीटर भरतं, 8 इंचीचं सुमारे चौपट. तेवढाच मोठा आवाज एक सप्तक खाली काढायचा तर कोनाला चौपट अंतर पुढे-मागे जावं लागतं, आणि लहान ड्रायव्हरला दोन-चार मिलिमीटरच्या पुढे मोकळीक नसते. त्यातून आणखी एक अडचण येते: तोच कोन जोरात पुढे-मागे होत असताना वरचे सूरही त्याच्यावरच असतात, त्यामुळे पखवाजाच्या थापेबरोबर गळा किंचित मळतो. वरच्या बाजूलाही मर्यादा आहे. आवाजाची तरंगलांबी कोनाच्या व्यासाइतकी लहान झाली की आवाज फक्त समोर जाऊ लागतो. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला 343 मीटर धरला, तर 8 सेंटीमीटरच्या कोनासाठी ही सीमा सुमारे 4300 हर्ट्झवर येते. 8 इंची ड्रायव्हरसाठी ती 2000 हर्ट्झच्या आसपासच येते. म्हणून मोठा फुल-रेंज घेतला की खर्ज सुधारतो, पण नीट ऐकायची जागा एका खुर्चीपुरती उरते. दिवाणखान्यात चार माणसं बसून ऐकणार असतील, तर मी 4 इंचीच घ्यायला सांगेन.

हे सगळं गाण्याच्या भाषेत मांडलं की चित्र स्पष्ट होतं. समजा गायकाचा षड्ज काळी एक आहे, म्हणजे सुमारे 139 हर्ट्झ. मंद्र पंचम 104 हर्ट्झवर येतो. तंबोऱ्याची खर्जाची तार त्या षड्जाच्या एक सप्तक खाली, 69 हर्ट्झवर. तबल्याच्या डग्ग्याची घुमकही याच तळाच्या भागात असते. म्हणजे गायकाचा जवळजवळ सगळा गळा 100 हर्ट्झच्या वर मावतो, आणि त्याखाली मुख्यतः खर्जाची तार आणि डग्गा उरतात. शिवाय कान एक मोठी मदत करतो. 69 चा मूळ सूर क्षीण असला तरी त्याचे वरचे अंश, 139, 208, 277 हर्ट्झ, नीट ऐकू आले तर मेंदू खर्ज स्वतः जुळवून घेतो. टेलिफोनवर वर्षानुवर्षं 300 हर्ट्झच्या खालचं फारसं काही जात नव्हतं, तरी आपण वडिलांचा आवाज पहिल्या शब्दाला ओळखत होतो, तो याच कारणाने. ऐकू येतो तो सूर, छातीत जाणवणारं वजन मात्र येत नाही. डग्ग्याची घुमक तुम्हाला त्या वजनासाठीच आवडत असेल, तर लहान फुल-रेंज एकट्याने ते देणार नाही.

ड्रायव्हर निवडताना बाजारात फोस्टेक्स, व्हिसाटॉन, मार्कऑडिओ ही नावं भेटतात. इंदुरात महाराणी रोडवर सुटे स्पीकर मिळतात, पण चांगल्या फुल-रेंजसाठी बऱ्याचदा ऑनलाइनच मागवावं लागतं. कुठूनही घ्या, कंपनीचा मापांचा कागद बघून घ्या. खोक्यावर छापलेले वॅट बाजूला ठेवा. बघायचं ते तीन आकड्यांकडे. एफएस म्हणजे ड्रायव्हर मोकळा असताना ज्या सुरावर आपोआप डोलतो तो सूर. क्यूटीएस म्हणजे तो डोलणं किती लवकर आवरतो त्याचं माप. आकडा लहान तर पकड घट्ट. व्हीएएस म्हणजे त्याच्या कडेच्या लवचिकपणाइतकी लवचीक हवा किती लिटर, ते माप. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी 1961 मध्ये आणि पुढे 1970 च्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी या आकड्यांवरून खोकं काढायची रीत बसवली. त्याआधी खोकं बरंचसं अंदाजाने ठरे.

एक उदाहरण हाताने सोडवू. ड्रायव्हर धरू एफएस 70 हर्ट्झ, क्यूटीएस 0.4, व्हीएएस 8 लिटर. खोकं पूर्ण बंद ठेवलं तर आतली हवा कोनाला मागून दाबते आणि डोलण्याचा सूर वर चढतो. किती, ते एका सूत्राने निघतं: व्हीएएसला खोक्याच्या लिटरांनी भागा, त्यात 1 मिळवा, वर्गमूळ काढा. या गुणकाने एफएस आणि क्यूटीएस दोन्ही वाढतात. बंद खोक्यात हा वाढलेला क्यू 0.7 च्या आसपास आला की खालचा आवाज गुळगुळीत उतरतो. त्यासाठी इथे गुणक 1.75 हवा, म्हणजे खोकं जेमतेम 4 लिटरचं, आणि डोलण्याचा सूर 122 हर्ट्झ. काळी एकचा मंद्र पंचम 104 वर होता, तो उतारावर गेला. बंद खोकं स्वच्छ वाजेल, पण अमीर खाँ मंद्रात उतरले की पोट रिकामं वाटेल.

तोच ड्रायव्हर नळीच्या खोक्यात बसवला तर गणित बदलतं. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की एक ठरावीक सूर निघतो. नळीचं खोकं त्याच नियमाने चालतं. आतली हवा स्प्रिंग, नळीतली हवा वजन, आणि दोन्ही मिळून एका सुरावर बोलतात. त्या सुरावर कोन जवळजवळ स्थिर राहतो आणि आवाज नळी काढते. वरच्या ड्रायव्हरला सुमारे 8 लिटरचं खोकं आणि 67 हर्ट्झचा नळीचा सूर जुळतो. त्यासाठी आतून 4 सेंटीमीटर व्यासाची, सुमारे साडेसात सेंटीमीटर लांबीची पीव्हीसी नळी पुरते. आता आवाज 66 हर्ट्झपर्यंत टिकतो, खर्जाची तार आत आली. याची किंमत अशी की नळीच्या सुराखाली कोनाला मागून कसलाच आधार राहत नाही. तिथे आवाज बंद खोक्याच्या दुप्पट वेगाने पडतो आणि कोन मात्र उगाच फडफडतो.

क्यूटीएस 0.3 ते 0.4 असेल तर नळी, 0.5 च्या पुढे असेल तर बंद खोकं, 0.7 च्या वर गेला तर खोक्याऐवजी उघडी फळी, हा ढोबळ हिशेब. तिसरी वाट म्हणजे लांब घडीचा बोगदा. त्याची लांबी खालच्या सुराच्या तरंगलांबीच्या चौथ्या हिश्शाइतकी लागते, म्हणजे 50 हर्ट्झसाठी 1.7 मीटर. मागे भोंगा असलेली खोकी तर सुताराची परीक्षा असते. पहिल्या खेपेला दोन्ही टाळा.

खोकं 18 मिलिमीटर वॉटरप्रूफ प्लायचं करा. आयएस 710 शिक्का असलेला मरीन प्लाय पावसाळ्यात फुगत नाही. एमडीएफ कापायला सोपा आणि ठोकल्यावर मुका, पण ओल लागली की कडा फुलतात. आतली मापं एकसारखी नकोत. घनाकार खोक्यात तिन्ही दिशांनी एकच सूर घुमतो. 8 लिटरसाठी आतून रुंदी 16, उंची 25, खोली 21 सेंटीमीटर ठेवली तर ड्रायव्हर आणि नळी व्यापतात ती जागाही निघते. सुताराला दोन गोष्टी ठासून सांगा: फळी गोल कापताना ड्रायव्हर दाखवूनच माप घ्यायचं, आणि सांध्यात फेव्हिकॉल इतका लावायचा की दाबल्यावर बाहेर यावा. सांध्यातून हवा निसटली तर आधी केलेलं सगळं गणित वाया जातं. ड्रायव्हरच्या मागे भोकाच्या कडेला आतून उतार द्यायला लावा, नाहीतर 18 मिलिमीटर जाडीच्या भोकात लहान कोनाचा श्वास कोंडतो. आत मागच्या आणि बाजूच्या भिंतींना गादीवाल्याकडे मिळणारं पॉलिएस्टर फायबर लावा, कारण कागदाचा कोन पातळ असतो आणि मागून उसळलेला आवाज त्याच्यातून परत बाहेर येतो. नळीचं तोंड मोकळं ठेवा.

बांधून झाल्यावर पहिल्यांदा ऐकताना बहुतेकांना वाटतं, आवाज पुढे येतोय, नाकात बोलतोय, बारीक आहे. दोष बऱ्याचदा ड्रायव्हरचा नसतो. वरचे सूर खोक्याच्या पुढच्या फळीवर आपटून फक्त पुढे येतात. खालच्या सुरांची लांबी फळीपेक्षा खूप मोठी असते, ते वळसा घालून मागेही जातात. त्यामुळे पुढे बसलेल्याला खालचे सूर 6 डेसिबलपर्यंत कमी मिळतात. हा बदल कुठे होतो ते काढायला 115 ला फळीच्या मीटरमधल्या रुंदीने भागा. आपलं खोकं बाहेरून सुमारे 20 सेंटीमीटर रुंद, म्हणजे 575 हर्ट्झ. तार षड्जाच्या सप्तकभराहून जरा वर, नेमका गळ्याच्या वरच्या अंशांत. मला हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण फुल-रेंजला लोक नावं ठेवतात ती अर्धीअधिक यामुळे. उपाय तीन आहेत. स्पीकर मागच्या भिंतीला जवळ सरकवा. जुना रेडिओ कोपऱ्यात भरदार वाजायचा तो म्हणूनच. किंवा फोन-कॉम्प्युटरच्या इक्वलायझरने 600 हर्ट्झच्या वरचा भाग हळूहळू 3-4 डेसिबल उतरवा. किंवा 8 ओहमच्या ड्रायव्हरबरोबर एका वायरीत 4.7 ओहमचा 10 वॅटी रेझिस्टर आणि त्याला समांतर 1.3 मिलिहेन्रीच्या आसपासची कॉइल जोडा. खालचे सूर कॉइलमधून सरळ जातात, वरच्यांना रेझिस्टर अडवतो. एकूण आवाज तेवढा कमी होतो, पण गळ्याला छाती येते.

पारख दोन अंगांनी करायची: आधी मोजून, मग ऐकून.

मोजायला महाग यंत्र लागत नाही. मल्टिमीटर, फोनवरचं टोन जनरेटर ॲप, छोटा ॲम्प्लिफायर आणि 1000 ओहमचा रेझिस्टर पुरतो. रेझिस्टर ड्रायव्हरच्या वायरीत मध्ये घाला, मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून ड्रायव्हरच्या दोन टोकांना लावा, आणि सूर 30 हर्ट्झपासून हळूहळू वर न्या. मोकळ्या ड्रायव्हरवर आकडा जिथे सर्वांत वर चढेल तो एफएस. स्वस्त मीटर साधारण 400 हर्ट्झपर्यंतच खरं सांगतो, इथे तेवढं पुरतं. बंद खोक्यात एकच शिखर येतं, फक्त वर सरकलेलं. नळीच्या खोक्यात दोन शिखरं आणि मध्ये दरी येते. दरी जिथे, तिथे नळीचा सूर. ती 67 ऐवजी 75 वर आली तर नळी थोडी लांब करा. आणि दरी उथळ, पसरट दिसली तर खोकं कुठेतरी गळतंय.

आवाजाचा आलेख काढायला रूम ईक्यू विझर्ड हे मोफत सॉफ्टवेअर आणि एक यूएसबी मोजमापाचा माइक चांगला. पण खोलीत काढलेल्या आलेखावर आंधळा विश्वास नको. स्पीकर आणि माइक दोन्ही जमिनीपासून 1 मीटरवर, एकमेकांपासून 1 मीटरवर ठेवले, तर फरशीवरून उसळलेला आवाज साडेतीन मिलिसेकंदांनी मागोमाग पोचतो. सॉफ्टवेअरमध्ये त्याच्या आधीचाच तुकडा घेतला तर 280 हर्ट्झच्या खालचं काही सांगता येत नाही. खालच्या भागासाठी माइक कोनाच्या अगदी जवळ, सेंटीमीटरभर अंतरावर धरून वेगळं माप घ्यायचं. इंदुरातल्या घरांना सपाट गच्ची असते, हे या कामासाठी वरदान आहे. थंडीतल्या पहाटे, वारा पडलेला असताना, स्पीकर आणि माइक दोन्ही उंच स्टुलांवर ठेवले की भिंतीच नसल्याने माप कितीतरी स्वच्छ येतं. शेजाऱ्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवा.

ऐकण्याची परीक्षा अधिक कसोशीची, कारण कान फार लवकर सरावतो. नव्या ड्रायव्हरची कड पहिल्या काही तासांत थोडी सैल होते, एफएस किंचित उतरतो. आधी आणि नंतर मोजलंत तर दिसेलच. पण आठवडाभराने स्पीकर उघडला, खुलला असं जे वाटतं, त्यात आपल्या कानाच्या सरावाचा वाटा मोठा असतो. म्हणून तुलना नेहमी त्याच बैठकीत, दुसऱ्या एखाद्या ओळखीच्या स्पीकरशी करा. दोन्हींचा आवाज सारखा करून घ्या. एक डेसिबलने जोरात वाजणारा स्पीकर लोकांना चांगलाच वाटतो, मोठा वाटत नाही. पिंक नॉइज, म्हणजे सगळ्या सप्तकांत सारखा जोर असलेली सळसळ, लावून फोनवरच्या मीटरने, माइक त्याच जागी ठेवून, दोन्ही जुळवा. आणि जोडी न लावता एकच स्पीकर लावा. ध्वनितज्ज्ञ फ्लॉइड टूल यांच्या प्रयोगांत ऐकणाऱ्यांना मोनोमध्ये, म्हणजे एकाच स्पीकरवर, दोष अधिक स्पष्ट कळत होते. समोर पातळ चादर टांगा, वायरी घरातल्या दुसऱ्या कुणाला बदलायला सांगा, आणि बोलण्याआधी मत लिहून ठेवा. आपण स्वतः रंधा मारलेल्या खोक्यावर आपलं प्रेम असतं, ते चादरीमागे राहिलेलं बरं.

काय ऐकायचं? पहिलं, नुसतं बोलणं. नाकातला, डब्यातला किंवा स-श चिरत येणारा आवाज बोलण्यात लगेच उघडा पडतो. अनेक फुल-रेंजना 5 ते 10 हजार हर्ट्झमध्ये उसळी असते, विशेषतः मधोमध दुसरा छोटा कोन चिकटवलेल्यांना. ती स-श वर सापडते. स्पीकर कानापासून 10-15 अंश बाहेर वळवून पुन्हा ऐका. बऱ्याचदा तेवढ्याने ती बसते. दुसरं, नुसता तंबोरा. चारही तारा एकाच ठिकाणाहून येतात का, जवारी खुलून गोल फिरते की वर नुसती सळसळ होते? घरात हार्मोनियम असेल तर स्पीकरशेजारी बसून तोच सूर धरा आणि रेकॉर्डिंगमधल्या हार्मोनियमशी ताडून बघा. जिवंत वाद्याइतकी चांगली कसोटी दुसरी नाही. तिसरं, मंद्रातली आलापी, झुमऱ्यासारख्या संथ तालात. गायक स्वर उतरत गेला की आवाज हळूहळू पातळ होतो, की एखाद्याच सुरावर अचानक फुगतो? पातळ होत असेल तर स्पीकरची मर्यादा. एकाच सुरावर फुगत असेल तर बहुधा खोली. 12 फुटी खोली 47 हर्ट्झवर, 10 फुटी 56 वर घुमते, आणि त्यांच्या दुपटीवरही. कोटा फरशी आणि कोऱ्या भिंती असतील तर टाळी वाजवून बघा. झणझण परत आली तर एक जाड सतरंजी आणि पुस्तकांचं कपाट आधी. शेवटी गर्दीचं संगीत लावा, मोठा वाद्यवृंद, ढोलकीची लावणी, आणि आवाज वाढवत न्या. हा स्पीकर तिथे दमणारच. कुठल्या आवाजावर दमतो ते पाहून ठेवलं की रोजच्या ऐकण्याची सीमा कळते.

ॲम्प्लिफायरबद्दल फार बोलण्यासारखं नाही. 1 वॅटला 88 डेसिबल देणारा ड्रायव्हर 10 वॅटमध्ये 98 पर्यंत जातो. घरातल्या बैठकीला ते भरपूर, आणि त्यापुढे वॅट वाढवून कोनाची मोकळीक वाढत नाही.

इतकं करूनही डग्गा हवाच असेल, तर एक सबवूफर जोडा, पण तो 100 हर्ट्झच्या आसपास तोडा, म्हणजे सांधा गळ्याच्या खालीच राहील. आणि फुल-रेंजकडे जाणाऱ्या वाटेवरही तिथेच हाय-पास, म्हणजे खालचे सूर अडवणारा फिल्टर, लावा, हे लोक विसरतात. खालचं ओझं उतरलं की त्या लहान कोनाला फक्त गळ्याचं काम उरतं. तो कमी हलतो, आणि वर सांगितलेला थापेबरोबरचा मळ बराच निघून जातो.